तेलाची वेस



आपण आज ज्या आबिड्समध्ये जमलो आहोत त्याला नाव मिळालं ते अल्बर्ट आबिड या माणसावरून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पोशाखाची व्यवस्था पाहणारा हा आर्मेनियन ज्यू सेवक. पुढे त्याने इथे दुकान थाटलं. दुकान गेलं, नाव राहिलं. एवढी गोष्ट हैदराबादेत बहुतेकांना माहीत असते. त्याच निजामाच्या खजिन्यातून १८८९ साली एक हजार पौंड एका वैज्ञानिक तपासणीसाठी दिले गेले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या तपासणीचं नाव हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन. आजचा माझा विषय सजीवांमधले मेद, त्यांची रचना आणि त्यांचं काम हा आहे. त्याची सुरुवात मी कमिशनपासून करतो, कारण आपल्या गावात विचारलेल्या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की माणूस तेलाच्या थेंबापाशी येऊन पोचतो.

ही व्याख्यानमाला ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते त्यांनी आयुष्यभर मराठीतून रसायनशास्त्र शिकवलं. तेव्हा रेणूंची नावं आणि त्यांचे आकार मीही टाळणार नाही.

क्लोरोफॉर्मची भूल १८४७ मध्ये एडिंबरोत सिम्पसन यांनी प्रचारात आणली. वर्षभरातच भुलीखाली माणसं दगावू लागली. मग डॉक्टरांत दोन तट पडले. एक म्हणे, क्लोरोफॉर्म आधी हृदय बंद पाडतो, म्हणून नाडी धरून बसा. दुसरा म्हणे, आधी श्वास थांबतो, म्हणून छातीकडे बघा. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि इथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे दुसऱ्या तटाचे कट्टर पुरस्कर्ते. १८८८ मध्ये त्यांनी पहिलं कमिशन नेमलं. त्याच्या निष्कर्षावर लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने पैसे देऊ केले आणि लॅन्सेटने औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन यांना इकडे पाठवलं. शेकडो कुत्रे, शिवाय माकडं आणि इतर जनावरं यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला: श्वास आधी थांबतो. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की हलक्या भुलीत हृदयाची लय अचानक विस्कटून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे नाडीवालेही पूर्ण चूक नव्हते. इथल्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. त्यांच्या नावाची एखादी पाटी या शहरात ठळकपणे असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

कमिशनने विचारलं ते इतकंच, की क्लोरोफॉर्म शरीराच्या कोणत्या अवयवावर आधी घाव घालतो. तो पेशीत नेमका कशाला जाऊन चिकटतो, हा प्रश्न त्या काळी विचारता येण्यासारखाच नव्हता. दहा वर्षांनी तो विचारला गेला, आणि उत्तर एका बाटलीतल्या ऑलिव्ह तेलात सापडलं.

मारबुर्गला हान्स मेयर आणि झुरिकला अर्नेस्ट ओव्हरटन असे दोघे स्वतंत्रपणे काम करत होते. ओव्हरटनने शेपटी असलेली बेडकाची पिल्लं पाण्यात ठेवली आणि त्या पाण्यात एकेक भुलीचा पदार्थ विरघळवला. किती मात्रेला पिल्लाचं पोहणं थांबतं, ते त्याने टिपून ठेवलं. मग तोच पदार्थ तेल आणि पाणी एकत्र असलेल्या भांड्यात टाकून, किती तेलात उतरतो आणि किती पाण्यात राहतो, हे मोजलं. दोन्ही आकडे शेजारी मांडल्यावर जुळणी लख्ख दिसली. जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो, तो कमी मात्रेत भूल देतो. ईथर असो, क्लोरोफॉर्म असो की अल्कोहोल, रेणूंच्या आकारात काही साम्य नसतानाही हा नियम हजारपटीच्या पल्ल्यात टिकतो. याआधीच वनस्पतींच्या मुळांच्या केसांवर केलेल्या प्रयोगांवरून ओव्हरटनने तर्क केला होता, की पेशीची हद्द लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांसारख्या तेलकट पदार्थाची असावी. पेशीची ती पातळ कड अजून कुणी पाहिली नव्हती. बाहेरून काय आत जातं आणि काय अडतं, एवढ्यावरून त्याने ती ओळखली. विज्ञानातल्या अनुमानांत मला हे फार वरच्या दर्जाचं वाटतं.

पुढची हकीकत सरळ नाही. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनावर प्रयोग केला. त्यात मेदाचा अंशही नव्हता, तरी भुलीची औषधं त्या प्रथिनावर ओव्हरटनच्या नियमानेच परिणाम करत होती. तेव्हापासून बहुतेकांनी भुलीचं कर्तृत्व प्रथिनांच्या पदरात टाकलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत स्कॉट हॅन्सन, रिचर्ड लर्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की क्लोरोफॉर्म पेशीपटलातले मेदाचे ठरावीक पुंजके विस्कळीत करतो. तिथे बांधलेलं एक एन्झाइम त्यामुळे मोकळं होतं आणि चेतापेशी शांत होते. वाद अजून चालू आहे. पण पेशीला कड आहे आणि ती कड मेदाची आहे, यावर आता वाद नाही.

ती कड कशी बनते हे समजून घ्यायचं तर आधी एक मेदाम्ल हातात घेऊ. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. तिच्या एका टोकाला आम्लगट असतो, त्याचं पाण्याशी जमतं. बाकीच्या लांबलचक शेपटीला नुसते हायड्रोजन लागलेले असतात आणि तिचं पाण्याशी वाकडं. स्टिअरिक आम्लात अठरा कार्बन असतात. ते वितळतं सुमारे ६९ अंश सेल्सियसला. ओलेइक आम्लातही अठराच कार्बन. फरक इतकाच, की मधल्या दोन कार्बनांवरचा एकेक हायड्रोजन कमी आहे आणि त्यांच्यात दुहेरी बंध आहे. हे आम्ल सुमारे १३ अंशांनाच वितळतं. दोन हायड्रोजन गेले आणि वितळणबिंदू पन्नासहून अधिक अंशांनी खाली आला. कारण असं, की दुहेरी बंधापाशी साखळी कोन करून वळते. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीने रचल्या जातात, वळलेल्या साखळ्यांना तशी दाटी जमत नाही. दोन दुहेरी बंध असलेलं लिनोलेइक आम्ल उणे ५ अंशांपर्यंत पातळ राहतं आणि तीन असलेलं लिनोलेनिक उणे ११ पर्यंत. हैदराबादेतल्या जानेवारीत तुपाची बरणी थिजते आणि शेजारची करडईच्या तेलाची बाटली तशीच वाहती राहते, त्यामागे एवढंच गणित आहे.

आता याच ओलेइक आम्लात दुहेरी बंध तसाच ठेवायचा, फक्त त्याच्या दोन बाजूंच्या साखळ्या एकाच अंगाला असण्याऐवजी विरुद्ध अंगांना करायच्या. तेच अणू, तितकेच बंध. पण साखळी पुन्हा जवळजवळ सरळ होते आणि वितळणबिंदू ४५ अंशांच्या आसपास चढतो. याला ट्रान्स म्हणतात. निसर्गात तो थोडासा दुधातुपात सापडतो. भरमसाट प्रमाणात तो आपण बनवला. १९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. १९३७ पासून भारतात डालडा आला आणि महाग तुपाच्या जागी लाखो घरांत वनस्पती तूप शिरलं. हायड्रोजन घालण्याचं काम अर्धवट सोडलं, की उरलेल्या दुहेरी बंधांतले बरेच उलटून ट्रान्स होतात. बिस्किटवाल्याला नेमकं हेच हवं असतं. खोलीच्या उष्णतेला घट्ट आणि जिभेवर विरघळणारं. मैद्याच्या कणाभोवती असं घट्ट तूप बसलं, की पाणी आत शिरत नाही, चिवट जाळं तयार होत नाही आणि बिस्किट खुसखुशीत होतं. इराणी चहासोबतच्या उस्मानिया बिस्किटाचा तो चुरचुरीतपणा स्निग्ध पदार्थाचाच असतो, मग ते लोणी असो की वनस्पती. १९९० मध्ये हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि कातान यांनी दाखवलं, की ट्रान्स मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातल्या ट्रान्सवर २०२१ मध्ये ३ टक्क्यांची आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. पुरावा हातात आल्यावर इतका कडक कायदा व्हायला तीस वर्षं लागली. हा उशीर मला क्षम्य वाटत नाही, कारण त्याची किंमत स्वस्त तळण खाणाऱ्या गरिबांनी मोजली.

तेलाबद्दल हैदराबादेत बोलताना के. टी. आचाया यांचं नाव न घेणं कृतघ्नपणाचं होईल. भारतीय अन्नाचे इतिहासकार म्हणून ते आज ओळखले जातात, पण मुळात ते तेलाचे रसायनशास्त्रज्ञ. लिव्हरपूलला हिल्डिच यांच्या हाताखाली शिकून आले आणि पन्नास-साठच्या दशकांत हैदराबादच्या रिजनल रिसर्च लॅबोरेटरीत तेलांवर काम करत राहिले. आज आयआयसीटी म्हणतात ती ही संस्था, १९४४ मध्ये हैदराबाद संस्थानाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली. तेलंगणात एरंडी उदंड पिकायची. एरंडेलात नव्वद टक्क्यांच्या घरात एकच मेदाम्ल असतं, रिसिनोलेइक. त्याच्या साखळीत मध्येच एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसलेली असते, आणि तेवढ्याने ते तेल इतर सगळ्या तेलांहून वेगळं, चिकट आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारं होतं. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. आतड्यात हे आम्ल सुटं होऊन पेशीवरच्या एका विशिष्ट ग्राहक-प्रथिनाला जाऊन भिडतं आणि आतड्याचे स्नायू आवळू लागतात, हे २०१२ मध्ये जर्मनीत सिद्ध झालं. आजीचा अनुभव आधीचा, रेणूचा पत्ता नंतरचा.

आचायांनी उत्तर आयुष्यात भारतातल्या तेलघाण्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. रेणूपासून बैलाच्या फेऱ्यापर्यंत जाणारा असा माणूस विरळा. घाण्यातली एक गोष्ट मी त्यामुळे नीट बघायला शिकलो. तीळ उखळीत पडतात, लाट फिरू लागते, आणि थोड्या वेळाने तेली त्यात बेताने पाणी शिंपडतो. तेल काढायचं आणि पाणी घालायचं, हे नवख्याला उफराटं वाटतं. पण बीमध्ये तेल मोकळं नसतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थेंबांत ते साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाचा एकेरी थर असतो. त्या थरात ओलिओसिन नावाची प्रथिनं रुतलेली असतात. त्यांच्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि बी रुजताना एकेक करून वापरता येतात. लाटेचा दाब, घासण्याची ऊब आणि शिंपडलेलं पाणी यांनी ती प्रथिनं विसकटतात, थेंब एकत्र येतात आणि तेल पेंडेतून सुटतं. पाणी कमी पडलं तर तेल पेंडेतच राहतं, जास्त झालं तर सगळा लगदा होतो. तेल्याचा हात हे माप पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे.

थेंबाभोवती एकेरी थर असतो, पेशीभोवती मात्र दुहेरी. ते कळण्याची कथा एका स्वयंपाकघरातून सुरू होते. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी घरी आजारी आईवडिलांची सेवा करत होती. स्त्री म्हणून विद्यापीठाचं दार तिला बंद. भांडी धुताना पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट तवंगाचा तिने ध्यास घेतला आणि पत्र्याच्या तसराळ्यात, वरून एक पट्टी सरकवत, तवंग दाबत जाऊन पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो ते मोजलं. १८९१ मध्ये तिने हे लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं. त्यांनी ते ‘नेचर’मध्ये छापून आणलं. अशाच तसराळ्यावर पुढे लँगम्यूर यांनी दाखवलं, की तवंग एका रेणूच्या जाडीचा होऊ शकतो. डोकी पाण्यात, शेपट्या हवेत.

१९२५ मध्ये लायडनच्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या. त्यांतला सगळा मेद अ‍ॅसिटोनने काढला, तसराळ्यातल्या पाण्यावर पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पेशीभोवती दोन थर. निष्कर्ष अचूक, मोजणी मात्र दोन ठिकाणी चुकलेली: अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढलं. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात हा प्रयोग फार स्वच्छ दिसतो.

फॉस्फोलिपिडाच्या रेणूला दोन शेपट्या आणि एक विद्युतभारित डोकं असतं. पाण्यात सोडला की तो स्वतःच रचना करतो: डोकी दोन्हीकडच्या पाण्याला, शेपट्या आतल्या आत एकमेकींना. शेपट्यांना एकमेकींची फार ओढ असते म्हणून हे होत नाही. पाण्याच्या रेणूंना आपापसात हात गुंफायचे असतात आणि तेलकट शेपटी त्यात आडवी येते, म्हणून ते तिला बाजूला सारतात. जिवंत पेशीला हद्द आखून देण्याचं श्रेय असं निम्मं पाण्याकडे जातं. तयार होणाऱ्या दुहेरी पटलाची जाडी चार-पाच नॅनोमीटर असते. पुस्तकाच्या एका कागदाच्या जाडीत अशी वीस हजार पटलं सहज मावतील. आणि त्यातून सोडियमचा एक साधा आयनही आपल्या बळावर पार होऊ शकत नाही. तो तेलात उतरतच नाही. मग आत-बाहेर आयनांचं प्रमाण वेगळं ठेवता येतं. त्या फरकावर चेतापेशीचा संदेश चालतो, हृदयाचा ठोका पडतो, पेशीच्या भट्टीत एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार होतो. जुन्या गावाला वेस असायची. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, हे तिथे कळायचं. पेशीची वेस अशी तेलाची आहे, आणि तिच्यातले दरवाजे प्रथिनांचे.

ही वेस स्थिर नाही. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलं, की पटल द्रवासारखं वाहतं आणि प्रथिनं त्यात तरंगतात. एखादा मेदरेणू सेकंद-दोन सेकंदांत जिवाणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचतो. पण आतल्या थरातून बाहेरच्या थरात उलटायला त्याला तास, कधी दिवस लागतात, कारण भारित डोकं तेलातून न्यावं लागतं. या अडचणीचा पेशीने सुंदर उपयोग करून घेतला आहे. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा एक मेद ती एटीपी खर्च करून सतत आतल्या थरात ठेवते. तो बाहेर दिसला, तर त्याला दोनच अर्थ असतात. रक्तातल्या बिंबिकेवर दिसला, तर जखम झाली आहे, गुठळी धरा. इतर पेशीवर दिसला, तर ही पेशी मरायला टेकली आहे, भक्षकपेशींनो, उचला. एकच मेद, बाजू बदलली की निरोप बदलतो. आणि हे पटल किती नाजूक आहे ते नाग आणि घोणस जाणतात. त्यांच्या विषातलं एक एन्झाइम फॉस्फोलिपिडाची दोनपैकी एक शेपटी कापतं. एका शेपटीचा उरलेला रेणू पटलात नीट बसत नाही, साबणासारखा वागतो, आणि तांबड्या पेशी फुटतात.

आता कोलेस्टेरॉल. या शब्दाने आपल्या समाजात अशी धास्ती घातली आहे, की रक्ताचा अहवाल सोडून त्याचा विचारच कुणी करत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातलं कोलेस्टेरॉल वीस-पंचवीस टक्के मेंदूत. आणि ते तो आपलं आपण बनवतो, रक्तातून घेत नाही. मेदाम्लांच्या शेपट्यांमध्ये हा चपटा, कडक रेणू शिरून बसतो. ऊन वाढलं तर पटलाला फार पातळ होऊ देत नाही, थंडी पडली तर थिजू देत नाही.

याहून बारीक काम हबसिगुड्याच्या सीसीएमबीत झालं. १९७७ मध्ये पुष्प भार्गव यांच्या पुढाकाराने रिजनल रिसर्च लॅबोरेटरीच्याच पोटातून ही संस्था निघाली. तिथे अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गायीच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातलं पटल घेतलं. त्यात सेरोटोनिन-१ए नावाचा ग्राहक असतो. मनःस्थिती, चिंता, झोप यांच्याशी त्याचा संबंध. त्यांनी साखरेच्या एका कड्यासारख्या रेणूने पटलातलं कोलेस्टेरॉल उपसून काढलं. ग्राहकाची पकड ढिली झाली. कोलेस्टेरॉल परत घातलं, पकड परत आली. मग त्याच्या जागी सेव्हन-डीहायड्रोकोलेस्टेरॉल घालून पाहिलं. त्यात कोलेस्टेरॉलपेक्षा एक दुहेरी बंध जास्त, बाकी सगळं सारखं. पकड परत आली नाही. एका जन्मजात आजारात कोलेस्टेरॉल बनवण्याची अखेरची पायरी अडते आणि मुलाच्या शरीरात नेमका हाच रेणू साचतो. त्या मुलांच्या मेंदूच्या वाढीत इतक्या अडचणी का येतात, याचा एक धागा इथे सापडतो. आणि हाच रेणू आपल्या त्वचेत थोडा असतो, उन्हात त्याचं ड जीवनसत्त्व होतं. एक दुहेरी बंध कातडीत असला तर हाडं मजबूत करतो, मेंदूत साचला तर घात करतो. रेणूच्या आकाराचा इतका अर्थ दुसरीकडे क्वचित पाहायला मिळतो.

कोलेस्टेरॉल आणि त्याचा आणखी एक भाऊबंद यांच्यातला फरक किती मोलाचा, हे या शहराने २०२१ च्या मे महिन्यात अनुभवलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले आणि इथून जवळच कोठीचं सरकारी ईएनटी रुग्णालय त्यांच्यासाठी तेलंगणाचं मुख्य केंद्र ठरलं. नातेवाईक एकाच औषधासाठी वणवण फिरत होते, लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन. बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. दोन दुहेरी बंध आणि एक मिथिल गट जास्त, एवढाच काय तो भेद. अ‍ॅम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला घट्ट धरतं आणि बुरशीची वेस फोडतं. पण आपल्या कोलेस्टेरॉललाही ते थोडं धरतं, म्हणून मूत्रपिंडाला इजा होते. ती टाळायला औषध फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलच्या इवल्या फुग्यात भरतात. मेदावरचं औषध, मेदातच गुंडाळलेलं. त्या दिवसांत रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपला माणूस वाचणं-न वाचणं दोन रेणूंच्या एवढ्याशा फरकावर टेकलं आहे?

मेद ऊर्जा साठवतो, हे सगळे जाणतात. ग्रॅमला नऊ किलोकॅलरी, साखर-पिठाला चार. शिवाय पाणी न धरता साठतो. पक्षी समुद्र ओलांडतो तो याच बळावर. यावर मी अधिक बोलत नाही.

शेतात मात्र थोडा थांबतो. जुन्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा होता. इथल्या मराठी घरांपैकी कितीतरी नांदेड, परभणी, बीडकडून आलेली. त्या घरांत करडईचं तेल आणि जवसाची चटणी हे रोजचं. करडईच्या तेलात तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३. ही दोन्ही शरीराला बनवता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. आणि दोघांनाही पुढे घडवणारं एन्झाइम एकच आहे, त्यामुळे एकाची फार गर्दी झाली की दुसऱ्याला वाव मिळत नाही. १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गफूरुन्निसा यांनी भारतीय आहारातल्या मेदाम्लांच्या या तोलावर वर्षानुवर्षं काम केलं. डोळ्यातल्या पडद्याला आणि मेंदूला लागणारं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल आपलं शरीर लिनोलेनिकपासून थोडंच बनवतं, पण जे मासे खात नाहीत त्यांना तेवढाच आधार. म्हणूनच ती संस्था एकाच तेलाला चिकटून न राहता तेलं बदलून, मिसळून वापरायला सांगते. एखादं तेल हृदयाला चांगलं म्हणून वर्षभर तेच ओतणं शहाणपणाचं नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. करडईचा पेरा आपल्या डोळ्यांदेखत घटला आणि सोयाबीनने रान व्यापलं. याचं मला खरोखर दुःख आहे. कोरडवाहू रब्बीत, पावसाच्या उरलेल्या ओलीवर इतकं खोल मूळ घालून उभं राहणारं दुसरं तेलाचं पीक मराठवाड्याकडे नाही.

जवसाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. अख्खा दाणा चावला गेला नाही तर तसाच बाहेर पडतो, म्हणून तो भाजून कुटायला हवा. आणि तीन दुहेरी बंधांचं हे तेल हवेतला ऑक्सिजन झपाट्याने घेतं. चित्रकार ते रंगात मिसळतात ते याच कारणाने, चार दिवसांत त्याचा कडक थर होतो. तेव्हा ते तळणासाठी वापरू नका, आणि चटणी आठवड्याभराची, घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडीच करा. खवट वास आला तर टाकून द्या.

आता तुमचे प्रश्न ऐकायला मला आवडेल.